गाणं तिथल्या तिथं सुचतं, मग कुमारांनी रचलं काय?

बेळगावात ‘कुमार गंधर्व’ हे आधी इमारतीचं नाव असतं, माणसाचं नंतर. “नाटक कुठं?” “कुमार गंधर्वला.” बास, रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. माझा भाचाही ते नाव असंच ऐकत मोठा झालाय. यंदा तो नववीत आहे, कीबोर्ड शिकतो, आणि हल्ली घरात बीथोवनचं नाव फार घ्यायला लागलाय. परवा रंगमंदिरातून एक कार्यक्रम संपवून बाहेर पडताना त्यानं विचारलं, “मामा, हे कुमार गंधर्व सिंगर होते की कंपोझर?”

“दोन्ही.”

“ते कसं? शास्त्रीय गाणं तर तिथल्या तिथं सुचतंय म्हणालाय तुम्ही. मग ह्यांनी कंपोज काय केलं?”

प्रश्न इतका सरळ होता की मला लगेच उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात पाऊस आला, रिक्षा मिळाली आणि मी सुटलो. खाली जे लिहितोय ते त्या दिवशी रिक्षात द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

त्याच्या डोक्यातला कंपोझर म्हणजे टेबलाशी बसून सगळं कागदावर उतरवणारा माणूस. ते चुकीचंही नाही. बीथोवनच्या सिंफनीत कोणत्या वाद्यानं कोणत्या क्षणी कोणता स्वर किती वेळ धरायचा, हे लिहिलेलं असतं. वादक बदलले, दोनशे वर्षं उलटली, तरी स्वर तेच. आपल्याकडे गवई मंचावर बसतो तेव्हा त्याच्याजवळ आधीपासून ठरलेलं फार थोडं असतं: एक राग, एक ताल आणि एक बंदिश. बाकीचा पाऊण तास तो तिथंच घडवतो.

राग म्हणजे काय, हे सांगायला मला अंगणातली ठिपक्यांची रांगोळी बरी वाटते. ठिपके म्हणजे स्वर. पण नुसते ठिपके म्हणजे रांगोळी नव्हे. कोणता ठिपका कोणत्याला जोडायचा, कुठं वळण घ्यायचं, कुठं हात थांबवायचा, यावर कमळ होतं की कासव ते ठरतं. भूप आणि देशकार या दोन रागांचे ठिपके अगदी तेच आहेत: सा, रे, ग, प, ध. पण भूप गंधारापाशी, म्हणजे ‘ग’पाशी, रमतो आणि संध्याकाळनंतर गायला जातो. देशकार वरच्या धैवताकडं, म्हणजे ‘ध’कडं, ओढ घेतो आणि सकाळचा आहे. कान तयार असलेला माणूस दोन-तीन फेकींत, म्हणजे स्वरांच्या छोट्या तुकड्यांतच, ओळखतो. म्हणजे राग स्वरांत असतोच, पण त्याहून जास्त तो त्यांच्यामधून चालायच्या रीतीत असतो. जुनी माणसं त्याला रागाची ‘चाल’, ‘चलन’ म्हणतात ते याचसाठी.

ताल सोपा आहे. तीनताल सोळा मात्रांचा, फिरून फिरून पहिल्या मात्रेवर येतो. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. वारीत दिंडी चालताना सगळे टाळ एकदम पडतात आणि आपलाही पाय आपोआप त्याच वेळी पडतो, तसं काहीतरी समेवर होतं. गवई कितीही लांब भटकला तरी समेला घरी यावं लागतं.

आणि बंदिश? दोन-चार ओळींचं गाणं. पहिला भाग स्थायी, दुसरा अंतरा. सलग म्हटली तर मिनिटभरात संपते. पण त्या मिनिटात तो राग कसा चालतो, शब्दातलं कोणतं अक्षर समेवर येतं, हे सगळं पक्कं बसवलेलं असतं. ही बसवणूक ज्यानं केली तो आपला कंपोझर. अठराव्या शतकात दिल्लीच्या दरबारात असलेल्या नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ या नावानं केलेल्या बंदिशी आजही गायल्या जातात. अडीचशेहून जास्त वर्षं ज्याचं काम रोज कुठं ना कुठं म्हटलं जातंय, तो कंपोझर नव्हे तर कोण?

आता कुमारांकडे येतो.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, सुळेभावी. आमच्या बेळगावच्या पूर्वेला, सांबऱ्याच्या विमानतळाच्या पलीकडं ते गाव आहे. जवळच पंत बाळेकुंद्री, जिथं पंतमहाराजांची मराठी पदं अजून म्हटली जातात. घरची भाषा कन्नड, घर लिंगायत. आमच्या भागात हे काही विशेष नाही. माझ्या गल्लीत चार घरं सोडली की भाषा बदलते आणि भाजीवाली दोन्हीत भाव करते. कुमार पुढं मुंबईत वाढले, मराठी त्यांची बोलायची भाषा झाली, आणि त्यांनी बंदिशी केल्या त्या हिंदी आणि माळवी बोलीत. हे ‘आमचे’ की ‘तुमचे’ असा वाद इथल्या चहाच्या टपरीवर मी ऐकलाय. त्या वादातल्या दोघांनाही त्यांची एकही बंदिश म्हणता येत नव्हती.

वडील सिद्धरामय्या गाणारे होते. पोरगा सहा-सात वर्षांचा असताना अचानक गायला लागला. तेही कसं, तर त्या काळच्या मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात गवयानं घेतलेली प्रत्येक हरकत, श्वास घ्यायची जागासुद्धा, हे मूल जशीच्या तशी काढून दाखवी. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं. वडील त्याला घेऊन गावोगाव फिरले. अलाहाबादच्या संगीत परिषदेत दहा-बारा वर्षांच्या या पोरानं भल्याभल्यांना चकित केलं.

इथपर्यंत ही गोष्ट कुठल्याही ‘बालकलाकारा’ची आहे. टीव्हीवर दर रविवारी अशी पोरं दिसतात आणि चार वर्षांनी कुठं जातात कळत नाही. कुमारांचं तसं झालं नाही याचं मोठं श्रेय मी त्यांच्या गुरूंना देतो. १९३६ मध्ये ते मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे आले. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, ऑपेरा हाउसजवळ त्यांचा संगीताचा क्लास होता. माणूस असा की एका घराण्याचं कुंपण घालून बसला नाही. वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांना बोलवायचा, ऐकायचा, त्यांच्याकडून बंदिशी गोळा करायचा. नक्कल उत्तम करणाऱ्या पोराला अशा जागी ठेवलं की एक चांगली अडचण होते: नक्कल करायची कुणाची? दहा गवई दहा तऱ्हेनं एकच राग गाताना ऐकले की पोराला आपोआप प्रश्न पडतो की या दहांमध्ये जे सारखं आहे ते काय, म्हणजे राग असतो तरी कुठं?

माझ्या मते कुमारांमधला रचनाकार या प्रश्नातून निघाला. पण तो बाहेर यायला एक आजार लागला.

१९४७ साली त्यांचं भानुमती यांच्याशी लग्न झालं आणि लगोलग क्षयाचं निदान झालं. तेव्हा क्षय म्हणजे जवळजवळ निकालच. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये हे जोडपं माळव्यात, देवासला गेलं. डॉक्टरांनी गायला मनाई केली. एक फुप्फुस निकामी झालेलं. नुकतंच निघालेलं स्ट्रेप्टोमायसीन हे औषध मिळालं आणि जीव वाचला, पण १९५२-५३ पर्यंत, म्हणजे पाचेक वर्षं, गाणं बंद होतं. तेवीस-चोवीस वर्षांचा, सगळ्या देशाला माहीत झालेला गवई, आणि गळ्यातून सूर काढायची परवानगी नाही.

ऐकायची मात्र होती.

देवासच्या त्या घराबाहेरून बाया गात जात. लग्नाची, पेरणीची, पावसाची गाणी. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणानं ‘संजा’ काढतात आणि तिच्यापुढं रोज गाणी म्हणतात. आपल्याकडच्या हादग्याची बहीणच ती. नाथपंथी जोगी भिक्षेला येत आणि कबिराची निर्गुणी भजनं म्हणत. शास्त्रीय गायक हे ऐकतो तेव्हा सहसा ‘वा, किती गोड’ म्हणून सोडून देतो. कुमार अंथरुणावर होते, सोडून जायला जागाच नव्हती. ते त्या चाली शब्द काढून टाकून ऐकायला लागले, स्वर लिहून ठेवायला लागले. भानुमतींनी गाणी जमवायला मदत केली.

इथं जो विचार त्यांच्या मनात तयार झाला तो नीट समजून घ्यायला हवा, कारण कुमारांची सगळी रचना त्यावर उभी आहे. तो असा: लोकगीताची धून ही रागाची गरीब नातेवाईक नाही, ती रागाची आई आहे. आधी धुना होत्या. त्यांतून कुणीतरी, केव्हातरी राग ओळखून काढले.

हे नुसतं भावनेचं बोलणं वाटू नये म्हणून रागांची नावं आठवून बघा. पहाडी. मांड. सोरठ. मुलतानी. जौनपुरी. गुजरी तोडी. सिंध भैरवी. अर्धा नकाशा रागांच्या नावांत आहे. कुठल्याशा मुलखातल्या चालींचा वास या रागांना लागलेला आहे आणि तो नावातून अजून गेलेला नाही.

मग धुनेतून राग निघतो कसा? तीन-चार स्वरांची चाल असते, तेवढ्यात राग कुठला मावणार? मी हे स्वतःच्या दारात करून बघितलं. आमच्याकडे मंगळवारी, शुक्रवारी जोगतीण येते. सौंदत्तीची यल्लम्मा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळं चौंडकं आणि तुणतुणं हे आवाज लहानपणापासूनचे. तिची चाल म्हणजे सा, त्याच्या वरचे तीन स्वर, आणि मधूनच खाली नीला एक टेकण. एवढंच. पण ती त्या स्वरांत वाटेल तशी फिरत नाही. गंधारावरून सरळ खाली उतरत नाही, मध्यमाला, म्हणजे त्याच्या वरच्या ‘म’ला, हात लावून मग उतरते. दर खेपेला. दुसऱ्या गावची जोगतीण आली तरी ओळी वेगळ्या, देवीची नावं वेगळी, पण हा वळसा तोच. रांगोळीची भाषा वापरायची तर ठिपके पाचच आहेत, पण हात कसा फिरवायचा ते ठरलेलं आहे. आणि मघाशी आपण पाहिलं की राग म्हणजे मुख्यतः तेच.

कुमार नेमके हे वळसे शोधत होते. एकाच मुलखातल्या बऱ्याच धुना शेजारी शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यात तोच वळसा परत परत दिसतो का ते पाहायचं. दिसला, तर तो आपल्या माहितीच्या रागाचा आहे का ते तपासायचं. बऱ्याचदा असतो, आई कोण ते कळतं, संपलं. पण काही वळसे कुठल्याच ओळखीच्या रागात बसत नाहीत. तिथं ते थांबत. हा वळसा एखाद्या न जन्मलेल्या रागाचा असेल, तर त्याचा उरलेला देह कसा असेल? चार स्वरांच्या वर ही चाल चढली असती, तर याच स्वभावानं कोणता स्वर घेतला असता? कोणता टाळला असता? असं करत करत ती सप्तकभर, मग खालच्या-वरच्या सप्तकांत वाढवायची, पण मूळ बाईच्या गळ्यातला वळसा हरवू द्यायचा नाही. मडक्याचा एक तुकडा हातात घेऊन त्याच्या वाकावरून सबंध मडकं केवढं असेल ते सांगणारे लोक असतात, तसं हे काम.

अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटलं. मालवती, संजारी, सहेली तोडी, अहिमोहिनी, मधसुरजा, लगनगंधार, बीहड भैरव ही त्यांतली नावं. आणि म्हणून ते ‘मी राग तयार केले’ असा दावा करायला फारसे राजी नसत. ते होतेच, सापडले, असा त्यांचा सूर. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे: हा कंपोझर शोधणारा जास्त आणि बनवणारा कमी होता, निदान स्वतःच्या नजरेत.

नवा राग करायला दुसरे मार्ग नव्हते असं नाही. सगळ्यात रुळलेला म्हणजे दोन रागांची जोडणी, जोड राग. ती वाईट नाही. जगन्नाथबुवा पुरोहितांनी ‘गुणीदास’ या नावानं केलेला जोगकंस आज सगळे गातात. दुसरा मार्ग निव्वळ हिशेबाचा. भाचा गणितात हुशार आहे, त्याला हा आवडेल. दक्षिणेत सतराव्या शतकात व्यंकटमखींनी सात स्वरांचे शक्य तेवढे संच मांडले, ते ७२ निघाले. आता प्रत्येक संचात चढताना सात, सहा किंवा पाच स्वर घ्यायचे आणि सा कधीच सोडायचा नाही. सातांचा १ प्रकार, सहांचे ६, पाचांचे १५, एकूण २२. उतरतानाही तेच २२. बावीस गुणिले बावीस, ४८४. आणि त्याला ७२ नं गुणलं की ३४,८४८. एवढे राग कागदावर तयार. प्रत्यक्ष गाण्यात वावरणारे राग मात्र काही शेकड्यांच्या वर जात नाहीत. बाकीचे हजारो का मेले? ते जन्मलेच नव्हते, कारण त्यांना ठिपके होते आणि वळसा नव्हता. गणिताला बाईचा गळा नसतो, एवढाच कुमारांचा मुद्दा.

उत्तराचं उरलेलं अर्धं बंदिशीत आहे, आणि मला व्यक्तिशः ते जास्त मोलाचं वाटतं.

पुष्कळ गवई बंदिशीला खुंटीसारखं वापरतात. राग टांगायला काहीतरी हवं, म्हणून दोन ओळी. शब्द गिळले तरी चालतात. मी अशा मैफली ऐकल्यात की पाऊण तासानंतरही गाण्यातली बाई रुसली होती की हरवली होती ते कळलं नाही. कुमारांचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येक बंदीश रागाचा एक स्वतंत्र चेहरा दाखवते, तिचा स्वभाव असतो, आणि गवयानं राग गाताना त्या स्वभावाला धरून गायचा. म्हणजे त्याच रागात एक बंदीश तक्रार करत असेल आणि दुसरी हसत असेल, तर दोन्हींतला राग सारखा दिसता कामा नये. आलाप (संथ विस्तार), बोल (शब्दांचा खेळ), तान (जलद स्वर) हा ठरलेला क्रम सगळ्यांना एकाच मापानं लावणं त्यांना पटत नसे.

विषय बघा. जुन्या बंदिशींत सासू-नणंद, परदेशी गेलेला प्रियकर आणि कृष्णाची घागर फोडणं यांतच बहुतेक सगळं उरकतं. कुमारांची बागेश्रीत एक बंदीश आहे, आंब्याला पुन्हा मोहोर आला हे सांगणारी. मधसुरजा या रागाच्या नावातच माथ्यावरचा सूर्य आहे, आणि त्यातली बंदीश आहे बळी द्यायला नेत असलेल्या शेळीची. घरी माझं पिल्लू एकटं आहे, मला वाचव, असं ती आईला, देवीला विनवते. आमच्याकडं गावच्या यात्रेला बकरं नेताना कुणी न बघितलंय? ते ओरडणं आणि दुपारचं ऊन दोन्ही माहीत असलेल्या माणसाला ही बंदीश पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतो. ख्यालाच्या, म्हणजे बंदिशीवर उभ्या राहणाऱ्या या गाण्याच्या, चार ओळींत हे मावू शकतं, असं त्याआधी फार जणांना वाटलं नसेल.

या बंदिशींचा संग्रह १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या नावानं स्वरलिपीसकट छापला गेला. त्यात शंभराहून जास्त बंदिशी आहेत, काही जुन्या रागांत, काही या नव्या. भाच्याला हवा असलेला ‘लिहिलेला’ पुरावा तो.

कार्यक्रमसुद्धा त्यांनी रचल्यासारखे केले. पावसाची गाणी एकत्र करून ‘गीतवर्षा’, तसेच ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’, माळव्याच्या लोकगीतांचा एक, कबीर-सूर-मीरेची ‘त्रिवेणी’, कवी भा. रा. तांब्यांच्या कवितांचा, तुकारामांचा. लोकगीत, ठुमरी, ख्याल एकाच माळेत आले, कुणाला खालच्या पायरीवर बसवलं नाही. कबिराची निर्गुणी भजनं त्यांनी जोग्यांकडूनच उचलली, पण वारकरी भजनासारखी घोळक्याची करून टाकली नाहीत. रानात एकटाच बसलेला माणूस, समोर ऐकायला कुणी नाही, अशा माणसाचा सूर त्यांनी तसाच ठेवला. स्वर फेकायचा आणि मग गप्प राहायचं, ती गप्प जागाही चालीत धरायची. आपल्याकडं एरवी ‘भजन’ म्हटलं की टाळ्या हव्यात. इथं टाळी वाजवायला हात उचलत नाही.

तानपुऱ्याचं त्यांचं वेड प्रसिद्ध आहे, त्याबद्दल थोडं. नुसतं वेड म्हणून सोडण्यासारखं ते नाही. तार छेडली की ती सबंध हलते, शिवाय अर्ध्यात, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांतही हलत असते. या पाचव्या भागाच्या हालण्यातून गंधार निघतो. म्हणजे खर्ज, खालचा सा, नीट लागला तर तारेवर कुणी गंधार न लावताही गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरे असे लागेपर्यंत कुमार गाण्याला हात घालत नसत. ज्याला वळशावळशाचा फरक ऐकायचा आहे त्याला आधी कागद स्वच्छ लागतो, इतकं ते सरळ आहे. (मी एका सभागृहात, नाव नको, साउंडवाल्यानं ‘ती घरघर कसली येतीय’ म्हणून तंबोऱ्याचा माइकच बंद केलेला पाहिलाय. गायिका बिचारी शेवटपर्यंत मागं वळून बघत होती.)

टीका झालीच. एकाच फुप्फुसावर गाणारा माणूस, तान तुटक येते, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, ठहराव नाही, घराण्याची शिस्त नाही, लोकगीताचा वास येतो, असं म्हणणारे कमी नव्हते. छोट्या फेकी आणि मधली शांतता ही आजाराची मजबुरी की निवड, यावर अजूनही वाद घालता येतो. मला वाटतं सुरुवात मजबुरीतून झाली असेल, पण पुढं तिचा त्यांनी उपयोग असा केला की ती काढून टाकली तर गाणं उरणार नाही. एक टीका मात्र मला गंभीर वाटते. राग जगला की नाही हे तो दुसऱ्यांच्या गळ्यात गेला का यावरून ठरतं, आणि कुमारांचे बरेच धुनउगम राग अजून जास्त करून त्यांच्या शिष्यांच्या आणि घरच्यांच्या गळ्यातच ऐकू येतात. जोगकंसासारखे ते सगळ्यांचे झालेले नाहीत. कदाचित त्या वळशांना लागणारी सवड आताच्या मैफलीत नसेल. किंवा ते गाताना कुमारांचा आवाज कानात इतका घुमतो की दुसऱ्याला त्यात शिरायला जागा सापडत नसेल.

पद्मभूषण १९७७ ला मिळालं, पद्मविभूषण १९९० ला. भानुमती १९६१ मध्येच गेल्या होत्या. पुढं वसुंधराताईंशी लग्न झालं आणि त्या त्यांच्याबरोबर गायल्याही. कुमार १२ जानेवारी १९९२ ला देवासलाच गेले. सुळेभावीला परत राहायला ते कधी आले नाहीत.

नकलेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाला ठेवलाय. दहाव्या वर्षी तबकडीतला श्वाससुद्धा उचलणाऱ्या या माणसानं चाळिशीत बालगंधर्वांची नाट्यपदं गायली. महाराष्ट्राला आणि आमच्या भागाला बालगंधर्व पाठ होते. त्यांची हुबेहूब नक्कल करून टाळ्या घेणं कुमारांना चुटकीसरशी जमलं असतं. त्या कार्यक्रमाचं नाव त्यांनी ठेवलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘उमजलेले’ या शब्दावर थांबा. बालगंधर्वांची ती पदं त्यात आहेत, त्यांचा वळसा आहे, पण गळा कुमारांचा. माळव्यातल्या बाईच्या धुनेला जे केलं तेच इथं केलं.

हे सगळं मी भाच्याला गेल्या मंगळवारी सांगत होतो. तो ऐकत होता, पण कीबोर्ड मांडीवर होता आणि बोटं चाळवत होती. साडेदहाच्या सुमाराला दारात चौंडकं वाजलं. आई परडीत घालायला पीठ आणायला आत गेली. मी त्याला म्हटलं, “शब्द सोड. ती कुठनं कुठं जाते तेवढं बघ.”

त्यानं आवाज बारीक केला आणि पट्ट्या दाबत तिच्या मागं मागं जायला लागला. सा लगेच मिळाला. रे मिळाला. मध्यम मिळाला, खालची नीही मिळाली. गंधाराला तो अडकला. काळी पट्टी दाबली, तोंड वाकडं केलं. तिच्या वरची पांढरी दाबली, परत वाकडं केलं. तीन-चारदा असं झालं.

“मामा, हा सूर ह्या दोघांच्या मध्ये हाय,” तो म्हणाला. “कीबोर्डात न्हाई.”

जोगतिणीनं पीठ घेतलं, आईच्या कपाळाला भंडारा लावला आणि शेजारच्या दारात गेली. तिथं कन्नडमध्ये सुरू केलं. गंधारावरून उतरताना मध्यमाला हात लावलाच. भाचा कीबोर्ड बंद करून उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.